सगळ्यांत मागची मोरिसेत

"दिसायला कसा आहे गं तुझा नवरा?" असं कुणी मोरिसेत ओब्रांला विचारलं, की ती म्हणायची, "समोरून विचारता का मागून? मागून विचाराल तर डोळे मिटून सांगते. डावा खांदा खाली, मानेवर तीळ, आणि शर्ट कायम पँटमधून बाहेर आलेला." गावात हशा व्हायचा. पण बाई थट्टा करत नव्हती हो. लग्न झाल्यापासून दर उन्हाळ्यात कारखान्याला सुट्टी लागली रे लागली, की ओब्रां मंडळी सायकली काढून बाहेर पडायची. कधी नदीकाठाने, कधी डोंगरात, कधी पार समुद्रापर्यंत. आणि त्या रांगेत तिचा नवरा फेर्नां सगळ्यांत पुढे, मोरिसेत सगळ्यांत मागे, हे ठरलेलंच.

मागे म्हणजे नुसतं मागे नाही. आमच्या बेरी प्रांतातल्या तळ्यांच्या मुलखात सायकलवाल्यांची एक रीत आहे. बांधावर ते पिवळ्या फुलांचं झुडूप माजतं ना, ज्याच्या काड्यांचे घरोघर खराटे होतात, त्याच्या वीतभर काड्यांची जुडी करायची आणि रांगेतल्या शेवटच्या माणसाच्या सीटखाली बांधायची. त्या माणसालाच मग खराटा म्हणायचं. खराट्याच्या मागे कुणी राहता कामा नये. कुणाची साखळी पडली, कुणाला झुडपामागे जायचं असलं, कुणी रुसून वाटेत बसलं, तर खराट्याने त्याच्याजवळ थांबायचं आणि त्याला झाडून-लोटून पुढे आणायचं. पुढचा माणूस प्रत्येक फाट्यावर थांबतो. खराटा पोचला की दोनदा घंटी वाजवतो. सगळे आले, चला. मग पुढच्याने शीळ घालायची आणि निघायचं. खराटा दुसऱ्याला द्यायचा झाला तर तोही असा वाटेत टाकून द्यायचा नाही. घेणाऱ्याने मागे जायचं, अगदी देणाऱ्याच्याही मागे, दोनदा घंटी वाजवायची आणि मोठ्याने म्हणायचं, "खराटा माझ्याकडे." तोवर देणाऱ्याने जागा सोडायची नाही. तुम्हाला पोरखेळ वाटेल. धुक्यात तळ्यांच्या बांधावरून बायका-पोरं न्यायची वेळ आली की मग सांगा.

मोरिसेत शर्टांच्या कारखान्यात कॉलरी शिवायची. तिथेही यंत्रांच्या रांगा, आणि हिची जागा शेवटच्या रांगेत. सगळा जन्म लोकांच्या पाठी बघण्यात गेला म्हणा ना. पण त्यामुळे तिला एक विद्या आली होती. माणूस कसा आहे ते ती पाठीवरून सांगायची. कोण थकलंय, कोण सकाळी रडून आलंय, कुणाला दिवस गेलेत. फोरमनच्या बायकोचं तर घरच्यांच्या आधी हिला कळलं होतं.

फेर्नां गावचे रस्ते बघायचा. खड्डे बुजवायचे, चर काढायचे, कडेचं गवत कापायचं. त्यामुळे देशातला प्रत्येक रस्ता आपल्या बापाचाच, असा त्याचा तोरा. "इकडून जवळ पडतं," असं म्हणून त्याने घरच्यांना किती गोठ्यांत आणि किती चिखलांत नेऊन घातलं असेल, त्याची गणती नाही. एकदा असाच जवळच्या रस्त्याने तो थेट कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीत घुसला, आणि मागोमाग लहानग्या लेकाला, रेजिसला, पुढच्या टोपलीत बसवून मोरिसेत. लोक भले, त्यांनी जेवू घातलं. मोरिसेतने नवरीच्या आईची माफी मागितली, आणि फेर्नांने दुसऱ्यांदा बदक वाढून घेतलं.

ती पुढे कधी गेली नाही. एकदा चढ चढून सगळे दम खात बसले असताना तिने विचारलं, "फेर्नां, पुढून दिसतं तरी कसं रे?"

"रिकामं," तो म्हणाला, आणि पाण्याची बाटली तिच्याकडे टाकली.

गेल्या वसंतात फेर्नां गेला. डांबराच्या धुराने छातीचं वाटोळं झालं होतं. शेवटी शेवटी खिडकीशी बसून तो बाहेरच्या रस्त्यावरचे खड्डे मोजायचा आणि नव्या माणसाला शिव्या घालायचा. एका दुपारी म्हणाला, "मोरिसेत, आता पाळी बदलू. तो खराटा मला दे. तू हो पुढे. मी येतो मागून."

"माझी ढोपरं झिजून गेली, तेव्हा सुचलं होय रे तुला?" ती म्हणाली. तो हसला, हसता हसता ढास लागली, आणि तिला त्याची पाठ चोळावी लागली.

म्हणून शवपेटी मिटायच्या आधी तिने आपल्या सीटखालची जुडी सोडली आणि त्याच्या हातात दिली. स्वतः बोटं वळवून मूठ बंद केली. सायकल मंडळातली सगळ्यांत जुनी खोडं आली होती, त्यांत म्हातारी लेओंस होती. तिने ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अगं बये, काय केलंस हे? मेलेल्याच्या हाती खराटा देतात का कुणी? खराटा म्हणजे काम असतं. तो काय नुसता धरून बसणार आहे?"

"गप गं लेओंस," मोरिसेत म्हणाली. "जन्मात एकदा तरी त्याला मागे राहू दे."

पुढे आला सर्व संतांचा सण. त्या दिवशी आमच्याकडे जो तो आपापल्या माणसाच्या थडग्यावर शेवंतीची कुंडी नेऊन ठेवतो. फेर्नांला पुरलं होतं त्याच्या जन्मगावी, तळ्यांच्या पलीकडे. रेजिस म्हणाला, गाडीने जाऊ, तासाभराचं काम. पण त्याची आठ वर्षांची पोर, आनूक, तिने तोंड फुगवलं. "पेपेकडे गाडीने? शी! तो बोलणार नाही आपल्याशी." झालं. आजोबांना पेपे आणि आजीला मेमे म्हणायची, आणि आजोबांची फार लाडकी. शाळेला सुट्ट्या होत्याच. वाटेत एका शेतघरात मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पोचायचं, असं ठरलं. सून नादेज शहरातली, पण हौशी. तिने शेवंतीची कुंडी आपल्या सायकलच्या मागे बांधून घेतली.

पुढे रेजिस, मग नादेज, मग आनूक, शेवटी मोरिसेत. निघताना रेजिसने मान वळवून विचारलं, "आई, खराटा?"

"आहे, आहे. निघ तू."

तिच्या सीटखाली काही नव्हतं. नवी जुडी तिने केलीच नव्हती. दिलेलं कसं परत घ्यायचं? मागून येतो म्हणाला होता ना तो? असलं काहीतरी तिच्या मनात होतं, पण बोलायची सोय नव्हती. सुनेने लगेच डॉक्टरकडे नेलं असतं.

पॉपलरच्या झाडांची रांग संपते तिथे तिला पहिल्यांदा ऐकू आली. मागून घंटी. जाड, घसा बसल्यासारखी, एक दात तुटलेली. ती घंटी गावातलं शेंबडं पोरसुद्धा ओळखायचं, कारण ती ऐकली की चर उकरणारी पोरं पळायची. फेर्नांची सायकल तर रेजिसच्या पडवीत खिळ्याला टांगलेली होती, कोळ्यांनी जाळी केलेली. मोरिसेतचे हात हँडलवर गार पडले. तिने मागे पाहिलं. ओला रस्ता, पडलेली पानं, त्यांवर त्यांच्याच चाकांच्या रेघा. दुसरं काही नाही. ती पुढे बघू लागली तशी पुन्हा वाजली, जरा जवळून.

भीती वाटली का? वाटली ना. पण खोटं कशाला सांगू, थोड्या वेळाने तिला रडू आलं ते भीतीचं नव्हतं. बाई वसंतापासून एकटी झोपत होती. दोन माणसांचं सूप करून एका माणसाचं फेकून देत होती. आला की हा! म्हणाला तसा आला. "उशीर केलास," ती पुटपुटली, आणि मागून घंटी वाजली.

पहिला फाटा आला. ती अजून वळणाच्या अलीकडेच होती, तोच मागून दोनदा वाजली. पुढे रेजिसने शीळ घातली आणि मंडळी निघाली. दुसऱ्या फाट्यावरही तेच. संध्याकाळी शेतघराच्या अंगणात सायकली लावताना रेजिस म्हणाला, "आई, घंटी फार लवकर वाजवतेस गं आज. तू दिसत पण नसतेस. आणि बाबांची घंटी काढून लावलीस वाटतं?"

"का? तुला त्रास होतोय?"

"तसं नाही. एकदम दचकलो."

"दचकायला काय झालं? सूप गार होतंय, चल," असं म्हणून तिने विषय तोडला. सांगायला हवं होतं. पण सांगितलं तर जाईल, असं तिला वाटलं. जेवताना तिने कार्प माशाचे तळलेले तुकडे दोनदा मागून घेतले आणि शेतकरणीला लग्नाच्या पंगतीचा किस्सा ऐकवला. नादेज तिच्याकडे बघत राहिली. "मोरिसेत, तुम्ही किती दिवसांनी हसताय."

सकाळी धुकं असं होतं, की अंगणातली विहीर दिसेना. शेतकरणीने पाव आणि बकरीचं चीज बांधून दिलं आणि बजावलं, "मोठं तळं उपसलंय माशांसाठी. बांधावरून जा खुशाल, पण खाली पाय ठेवू नका. वरून साय धरल्यासारखं दिसतं, पण त्या गाळात माणूस गळ्यापर्यंत जातो. आमची गडीमाणसंसुद्धा फळ्या टाकल्याशिवाय उतरत नाहीत."

तिचा पिवळा कुत्रा त्यांच्या मागे लागला. एका पायाने अधू, पण हौस दांडगी. आनूक त्याला पावाचे तुकडे टाकत होती. हळूहळू तो आनूकच्या मागे पडला, मग मोरिसेतच्या मागे. बांध सुरू झाला तिथे त्याचं धापा टाकणं तिला पाठीमागून ऐकू येत होतं. मग घंटी वाजली. दोनदा. आणि धापा थांबल्या. कुत्रा भुंकला नाही की केकाटला नाही. तिने वळून पाहिलं, तर बांध मोकळा.

गेला असेल घरी, ती मनाशी म्हणाली. पण असं म्हणताना तिने पायडल जरा जोरात मारलं.

बांधाच्या एका बाजूला भरलेलं तळं, दुसऱ्या बाजूला उपसलेलं. दोन्ही धुक्यात सारखीच. जिभेवर गाळाची चव येत होती. पुढे नादेजच्या कुंडीतली पिवळी शेवंती तेवढी अधूनमधून दिसायची. आनूक हळू झाली आणि म्हणाली, "मेमे, माझा हातमोजा पडला मागे. लाल."

आणि इथे मोरिसेतने ते केलं, जे तिने सगळ्या जन्मात केलं नव्हतं. ती थांबली नाही. थांबायची गरज काय, असं तिच्या मनात आलं. मागे खराटा आहेच की. "घेऊन ये हो," ती म्हणाली, आणि पोरीच्या बाजूने पुढे निघून गेली. अंग कसं हलकं झालं तिचं! मागे कुणाची काळजी नाही, कुणाच्या साखळीकडे लक्ष नाही. ती सीटवर ताठ बसली, तोंडावर धुकं घेतलं, आणि जुनं काहीतरी गुणगुणायला लागली. आठ वर्षांची पोर त्या बांधावर एकटी सोडून.

फाट्यावर रेजिस आणि नादेज थांबले होते. तिथे बांधाच्या दोन वाटा मिळतात, तळ्याच्या दोन्ही अंगांनी आलेल्या. मोरिसेत पोचली, आणि तिच्या मागून, लांबून, घंटी वाजली. दोनदा. रेजिसने शीळ घालायला ओठ गोल केले. तसेच ठेवले.

"आनूक कुठाय?"

"मागे येतेय."

"मागे?" रेजिसने तिच्याकडे पाहिलं. "मागे म्हणजे कुणाच्या मागे?"

रेजिसची नजर तिच्या हँडलवर गेली. तिथे तिची स्वतःची चकचकीत छोटी घंटी होती. मग तिच्या सीटखाली गेली.

"आई, खराटा कुठाय?"

"तुझ्या बापाकडे," ती म्हणाली.

नादेजने सायकल टाकून दिली आणि पोरीच्या नावाने हाका मारायला सुरुवात केली. रेजिस पांढराफटक पडला, पण डोकं शाबूत होतं. पोर धुक्यात वाट चुकून दुसऱ्या बांधावर गेली असेल तर? "नादेज, तू इथून हलू नकोस. ओरडत राहा, म्हणजे तिला कळेल कुठे यायचं. मी त्या बाजूने बघतो." मोरिसेतला त्याने काही सांगितलं नाही. ती वळलीच होती.

उपसलेल्या तळ्याची पाणी सोडायची मोरी असते तिथे आनूकची सायकल नीट स्टँडला लावलेली दिसली. खाली दगडी पायऱ्या गाळात उतरत होत्या. सगळ्यांत खालच्या पायरीवर पोर उभी होती. एक पाय गाळात, पोटरीपर्यंत. दुसरा उचलत होती.

मोरिसेत ओरडली नाही. ओरडली असती तर पोर दचकून पुढे गेली असती. ती पायऱ्या उतरली आणि तिने पोरीच्या कोटाची कॉलर धरली. कॉलर धरण्यात तिचा हात कुणी धरला नसता. ओढलं तशी गाळाने बुटाला घट्ट धरून ठेवलं, आणि मग फसकन सोडलं.

"मेमे, पेपे आहे तिथे," आनूक म्हणाली. ती घाबरलेली नव्हती, तेच भयंकर होतं. "तो घंटी वाजवतोय. कुत्रापण आहे त्याच्याजवळ. कुत्र्याचा पाय बरा झालाय."

"तू बघितलंस त्याला?"

"थोडासा. म्हणाला, मागे राहिलीस ना, मग माझ्याबरोबर चल."

गाळाच्या मधोमध, जिथे कावळासुद्धा उभा राहिला नसता, तिथे घंटी वाजली. दोनदा.

मोरिसेतचं डोकं फिरलं. "फेर्नां ओब्रां!" ती कडाडली. "अक्कल गहाण टाकलीस का तिकडे? सख्खी नात आहे तुझी! रेजिसचं लेकरू! लाज नाही वाटत?"

घंटी पुन्हा वाजली, तशीच. रागाने नाही, लोभाने नाही. कामावरची घंटी. आणि मोरिसेतला कळलं. तो त्याचं काम करत होता. कुणी मागे राहिलं की खराट्याने त्याला घेऊन जायचं असतं, आणि तो आता जातो तिथेच घेऊन जाणार, दुसरीकडे कुठे? काम तिनेच त्याच्या हातात दिलं होतं, बोटं वळवून. आणि पोर मागे टाकली तीही तिनेच. आज पोरीला ओढून नेलं म्हणून काय झालं? तो मागे राहणारच. उद्या आनूक शाळेत जाताना बुटाची नाडी बांधायला थांबेल, मैत्रिणींच्या मागे पडेल, आणि मागून घंटी वाजेल.

तिने पोरीला बांधावर चढवलं. बांधाच्या कडेला खराट्याची झुडपं होती, शेंगा वाळलेली. तिने काड्या मोडल्या, हाताला चिरा पडल्या, केसांची फीत सोडून जुडी बांधली. लांबून नादेजची हाक येत होती, घसा फाटेपर्यंत.

"आईचा आवाज येतोय ना? तिकडे सरळ जायचं. काही झालं तरी मागे बघायचं नाही."

"आणि तू?"

"मी खराटा आहे. मी शेवटी येते."

आनूक सायकल घेऊन निघाली. तिची छोटी पाठ धुक्यात विरायला लागली, तोच घंटी बांधावर आली. आता अगदी जवळ, पोरीच्या मागावर, मोरीच्या पलीकडे. मोरिसेतने फाट्याकडे पाठ करून सायकल उलट्या दिशेला वळवली. खराटा घ्यायचा तर त्याच्या मागे जायला हवं होतं, म्हणजे आधी त्याच्या समोरून जायला हवं. ती सायकल हाताने धरून, मान खाली घालून चालू लागली.

डांबराचा वास आला. मग त्याच्या तंबाखूचा. हवा एकदम विहिरीसारखी गार झाली. खाली ओल्या पानांवर तिला कुत्र्याचे चार पाय दिसले, पोटापर्यंत गाळाने माखलेले. त्यांच्या शेजारी चाक. हलत नव्हतं, पण फिरत होतं. आणि तिला इतकं वर बघावंसं वाटलं, की मान दुखायला लागली. सगळा जन्म ज्या माणसाची पाठ पाहिली तो आज समोरून येत होता. एकदा. एकदाच बघितलं तर काय होईल?

काय होईल ते तिला माहीत होतं. ती तिथून हलली नसती. आणि पोर अजून फाट्यावर पोचली नव्हती.

"समोरून तू काही एवढा देखणा नव्हतास," ती खालमानेनेच म्हणाली. ती त्याच्या कोपराला घासून गेली, बाही ओली झाली, आणि ती पुढे चालत राहिली, घंटी आपल्या पाठीमागे जाईपर्यंत. मग वळली. जुडी सीटखाली बांधली. गाठ दोनदा सुटली. आता एवढं म्हटलं की तो गेला, हे तिला ठाऊक होतं. उद्यापासून पुन्हा एका माणसाचं सूप.

तिने दोनदा घंटी वाजवली. "खराटा माझ्याकडे," ती म्हणाली. आणि मग, कारण तो एका शब्दात ऐकणाऱ्यांतला नव्हताच, "ऐकलंस ना? जा पुढे. तुझी जागा पुढे आहे."

तेव्हा तिने मान वर केली. धुक्यात एक पाठ लांब जात होती. डावा खांदा खाली. शर्ट बाहेर. मागे पिवळं काहीतरी तुरुतुरु चाललेलं. आणि मग शीळ आली, पुढून, खणखणीत, वाट मोकळी आहे असं सांगणारी.

ती फाट्यावर पोचली तेव्हा नादेजने आनूकला कोटाच्या आत घेतलं होतं आणि ती नुसती डोलत होती. रेजिस दुसऱ्या बांधावरून धावत आला होता, पण पोरीजवळ न जाता रस्त्याकडेच बघत उभा होता. "आता इथून कुणीतरी गेलं," तो म्हणाला. "माझ्या अंगावरून. आई, शीळ ऐकलीस?"

"ऐकली."

तळ्यावरची माणसं फळ्या आणि जाळी घेऊन धुक्यातून आली. त्यांतल्या म्होरक्याने टोपी काढली. हाका ऐकून आलो म्हणाला. मग जरा घुटमळला. "तळ्याच्या गाळातून एक कुत्रा काढला आम्ही आत्ता. पिवळा. बिचारा मधोमध गेला होता. तुमचा का?"

रेजिसने आनूकच्या बुटाकडे पाहिलं. पोटरीपर्यंत तोच काळा गाळ होता. तो गुडघ्यावर बसला आणि आपल्या रुमालाने तो बूट पुसू लागला. पुसून झाला तरी पुसतच राहिला.

शेवंती दुपारी थडग्यावर पोचली. रेजिस आणि नादेज फाटकाशी सायकली घेऊन थांबले, तेव्हा आनूकने मोरिसेतचा हात धरला.

"मेमे, पेपे आता मागे नाही?"

"नाही. पुढे गेला."

"किती पुढे? मग आपल्याला सापडणार कसा?"

"फाट्यावर थांबेल की. खराटा आल्याशिवाय पुढच्याने निघायचं नसतं." मोरिसेतने कुंडीतलं एक सुकलं पान खुडलं. "फार जीवावर यायचं त्याच्या थांबायचं म्हटलं की. सारखा शीळ घालून घाई करायचा मेला."

"आणि तू लवकर नाही पोचलीस तर?"

"थांबू दे," मोरिसेत म्हणाली. "आधी तुम्ही सगळे माझ्यापुढे चला." तिने डोळे पुसले, पोरीला सायकलवर बसवलं, आणि तिघांच्या पाठी आपल्यासमोर नीट रांगेत आल्यावर दोनदा घंटी वाजवली.